दगड घोटण्याच्या यंत्राचीं झिजलेलीं बेअरिंगें

दक्षिणेच्या पठारावरील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अकिकाचे खडे तयार होतात, आणि पाषाण झिजला म्हणजे ते नदीनाल्यांच्या पात्रांत येऊन पडतात. त्यांस झिलई देण्याची कला आपल्या देशांत जुनी आहे. खंबायतचे कारागीर अकिकाचे मणी, कुरुंदाची पूड व पाणी कातड्याच्या पिशवींत भरीत, आणि दोघे समोरासमोर बसून ती पिशवी कित्येक दिवस एकमेकांकडे लोळवीत. हल्लीं हेंच काम विजेवर चालणारें लहानसें यंत्र करतें. दोन आडव्या दांड्यांवर पिंप ठेवलेलें असतें. मोटर पट्ट्याच्या योगानें एक दांडा फिरविते व त्यासरशी पिंपही फिरूं लागतें. दांड्यांचीं टोकें ज्या वाटोळ्या बैठकींत फिरतात, तींच बेअरिंगें. लहान यंत्रांत तीं बहुधा कांशाचीं किंवा नायलॉनचीं असतात.

विद्यार्थ्यांनीं येथें थोडा हिशेब करून पाहावा. समजा, पिंप मिनिटास 40 फेरे घेतें आणि त्याचा व्यास दांड्याच्या दहापट आहे. तर दांडा मिनिटास 400 व दिवसास 5,76,000 फेरे घेईल! जाड पुडीपासून अखेरच्या झिलईपर्यंत चार आठवडे तरी जातात, आणि यंत्र रात्रंदिवस चालूं असतें. तरी पण बेअरिंगाचा खरा शत्रु निराळाच आहे. पिंपाचें झांकण नीट न बसल्यास आंतील राड गळते, व तींत सिलिकॉन कार्बाइडची पूड असते. तिचें काठिण्य नऊंच्या वर, अकिकाचें सुमारें सात. जी अकिकास झिजविते, ती कांशाची काय पर्वा करणार?

कुरकुर ऐकूं येणें, बोटांनीं हलविल्यास दांडा डुलणें, पट्ट्याखालीं काळा भुगा सांचणें, हीं झिजेचीं लक्षणें होत. त्यांकडे डोळेझांक करूं नये. अडखळणाऱ्या दांड्याचा भार मोटरीवर पडतो, ती तापते, आणि रात्रीं जवळ कोणी नसतां जळूंही शकते.

दुरुस्तीपूर्वीं प्लग काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणें पुरेसें नव्हे. पिंप व पट्टा उतरवून दांडा बाहेर घ्यावा, स्वच्छ पुसावा व नखानें चांचपावा. नख अडकेल असा चर आढळल्यास दांडाही बदलावा, नाहीं तर नवें बेअरिंग लवकरच जुन्याच्या वाटेनें जाईल. नव्याच्या भोंकाचें माप जुन्यावरून घेऊं नये, कारण तें झिजून मोठें झालेलें असतें. दांड्याच्या न झिजलेल्या भागावरून घ्यावें. जुनें बेअरिंग लांकडी खुंटीनें हलकेंच ठोकून काढावें. नवें मात्र ठोकूं नये. लांकडाचा ठोकळा मध्यें धरून सरळ दाबीत बसवावें. तिरपें बसल्यास दांडा अडतो. एकाच दांड्याचीं दोन्ही बेअरिंगें एकदमच बदलावीं, असें आमचें मत आहे.

तेलाविषयीं मात्र आम्ही आग्रहानें सांगूं. गाडीवान आसास सढळ हातानें वंगण देतो. येथें कांशाच्या बेअरिंगास एकच थेंब पुरे. अधिक तेलास पूड चिकटते व त्याची जणूं कानसच होते. शिवाय तेल दांड्यावर पसरलें तर पिंप घसरूं लागतें. पट्टाही फार ताणूं नये, कारण त्यानें दांडा एका अंगास ओढला जातो व त्या बाजूचें बेअरिंग आधीं झिजतें.

शेवटीं रिकामें पिंप पाव तास फिरवून कान द्यावा. कुरकुर नसल्यास खडे भरावे, पण पाऊण पिंपाहून अधिक नव्हेत. धुतलेली राड मोरींत ओतूं नये; ती खालीं बसून घट्ट होते व नळ तुंबतो. तिला बागेच्या कोपऱ्यांत एखादा खड्डा करून द्यावा.