बांधकामावरील रासायनिक इजा : पहिली वीस मिनिटे मोलाची

पावसाळ्यापूर्वी घर उभे राहावे, निदान स्लॅब तरी पडावा, अशी वाशिम जिल्ह्यातील प्रत्येक घरधन्याची धडपड असते. त्यामुळे वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांत उन्हाळ्यात बांधकामांना वेग येतो. नेमक्या याच दिवसांत विहिरी तळ गाठतात. सिमेंट, चुना किंवा डांबर यांपासून झालेल्या इजेवर पहिला उपचार पाण्याचाच असल्याने ही टंचाई गवंडी व मजुरांच्या डोळ्यांवर बेतू शकते.

सिमेंट व चुना

सिमेंटमध्ये पाणी मिसळताच तीव्र अल्कली तयार होते व तिचा सामू 12 ते 13 पर्यंत जातो. कळीचा चुना तर विरताना मोठी उष्णताही सोडतो. अल्कली त्वचेत व बुबुळात खोलवर शिरत राहते. ओल्या सिमेंटमध्ये गुडघे टेकून काम करणाऱ्यास सुरुवातीस काहीच दुखत नाही. काही तासांनी कातडी सोलवटते, प्रसंगी खोल जखम होते. म्हणूनच वेदनेची वाट न पाहता अंग धुणे आवश्यक असते.

कोरडी भुकटी अंगावर पडल्यास ती प्रथम झटकून टाकावी, भिजलेले कपडे व पादत्राणे काढावीत आणि तो भाग वाहत्या पाण्याने किमान वीस मिनिटे धुवावा. लिंबू, व्हिनेगर, तूप, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये.

डोळ्यात चुना किंवा सिमेंट गेल्यास डोळा चोळू नये. पापण्या उघड्या धरून, डोके इजा झालेल्या डोळ्याच्या बाजूस कलते ठेवून, नाकाकडून कानाकडे पाण्याची संथ धार सोडावी. पापणीखाली चुन्याचा खडा दिसल्यास तो स्वच्छ ओल्या कापडाच्या टोकाने अलगद काढावा. मात्र त्यासाठी धुणे लांबवू नये. वीस मिनिटे पूर्ण झाल्यावरच रुग्णालयाकडे निघावे व शक्य असल्यास वाटेतही धार चालू ठेवावी. आराम वाटला तरी डोळ्यांच्या डॉक्टरांची तपासणी टाळू नये.

डांबर व बाष्पे

छताची गळती थांबविण्यासाठी तापविलेले डांबर अंगावर उडाल्यास ते त्वचेला घट्ट चिकटते व आत उष्णता कोंडून ठेवते. अशा वेळी थंड पाण्याची धार वीस मिनिटे सोडावी. बर्फ लावू नये. चिकटलेले डांबर ओढून काढू नये, कारण त्याबरोबर कातडीही निघते. रॉकेल, डिझेल वा पेट्रोलने ते पुसणे तितकेच घातक होय. ते काढण्याचे काम रुग्णालयात व्हावे.

बंद टाकीत प्रायमर किंवा थिनर वापरताना मजूर बेशुद्ध झाल्यास त्याला काढण्यासाठी दुसऱ्याने तसेच आत उतरू नये. एका जिवाच्या जागी दोन जातात. बाहेरून दोराने ओढून काढता येत असेल तर तसे करावे व तातडीने मदत मागवावी. कोणतेही रसायन पोटात गेल्यास उलटी करवू नये. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. रुग्णाबरोबर रसायनाचा डबा किंवा वेष्टन न्यावे, म्हणजे डॉक्टरांना उपचाराची दिशा कळते.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

बांधकाम कामगारांसाठी 1996 साली झालेल्या केंद्रीय कायद्याने कामाच्या जागी प्रथमोपचाराची सोय मालकावर बंधनकारक केली. मात्र दहापेक्षा कमी कामगारांची कामे, तसेच दहा लाख रुपयांपर्यंत खर्चाचे स्वतःचे राहते घर त्या कायद्याने वगळले होते. गावातील बहुतेक लहान घरे व घरकुले अशा मर्यादेतच बसणारी. ज्या कामावर ठेकेदार नाही, अधिकारी नाही, तेथे दक्षता गावानेच घ्यावयाची असते.

तिचा खर्च अल्प आहे. मिनिटाला दोन लिटरची धार धरली तरी वीस मिनिटांस 40 लिटर पाणी लागते. तेव्हा तोटी असलेला, झाकणबंद असा 50 लिटरचा पिंप प्रत्येक कामावर सावलीत राखून ठेवावा व त्यातील पाणी अन्य कामास वापरू नये. थापी-घमेली धुतलेल्या टाकीतील पाणी डोळ्यास चालत नाही, कारण त्यातही सिमेंट उतरलेले असते. रबरी हातमोजे, गमबूट व चष्मा यांची जोड दिल्यास बरीचशी इजा मुळातच टळते.

ग्रामसभेने घरकुलाच्या लाभार्थ्यांना हा पिंप ठेवण्याचा आग्रह करावा. शिक्षकांनी डोळा धुण्याची रीत साध्या पाण्याने मुलांना एकदा करून दाखवावी. चुन्याच्या खड्ड्याभोवती खेळणारी मुले त्यांच्याच शाळेतील असतात. टंचाईच्या दिवसांत 40 लिटर पाणी बाजूला ठेवणे जड वाटेल. परंतु गेलेली दृष्टी पुढचा कोणताही पावसाळा परत आणून देत नाही.