बालकाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी अर्पण किती द्यावे?

वाचावयाचे भाग : लेवीय 12, लूक 2:22-24, प्रेषितांची कृत्ये 16:14-34, 2 करिंथकरांस 8:12.

घरात मूल जन्मले, दोन-तीन महिने लोटले आणि त्याच्या बाप्तिस्म्याचा रविवार ठरला, म्हणजे खेड्यातील आईबाप उपदेशकास हळूच विचारतात, "मास्तर, मंडळीला किती द्यावे लागेल?" प्रश्न भोळेपणाचा आहे व त्याबद्दल कोणी त्यांस हसू नये. आपल्या गावांत वाडवडिलांपासून प्रत्येक विधीला काही ना काही देणे ठरलेले असे. जोश्यास दक्षिणा, गुरवास शिधा. तेव्हा येथेही काही दर असेल असे त्यांस वाटणे साहजिक आहे. परंतु त्यांच्या प्रश्नातील "लागेल" हा शब्द मात्र काढून टाकला पाहिजे. बाप्तिस्म्यासाठी काहीच द्यावे लागत नाही.

नव्या करारात बाप्तिस्म्याची किंमत कोठेही सांगितलेली नाही. फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकाचे उदाहरण पाहा. त्याने मध्यरात्री पौल व सीला यांच्या जखमा धुतल्या, त्याच घटकेस त्याचा व त्याच्या घरच्या सर्वांचा बाप्तिस्मा झाला, आणि मग त्याने त्यांस घरी नेऊन जेवू घातले. त्याच गावी लुदियेने बाप्तिस्मा झाल्यावर आपले घर प्रेषितांस मोकळे करून दिले. ही देणी बाप्तिस्म्याचे मोल नव्हत, आनंदाने भरून आलेल्या अंतःकरणाची होत. आणि पुढे पौलाच्या अडचणीत त्यास वारंवार साहाय्य पाठविणारी मंडळी कोणती, तर हीच फिलिप्पैची.

मोल आणि उपकारस्तुती यांचा घोटाळा फार जुना आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेन देशात एल्व्हिरा येथे जी धर्मसभा भरली, तिला असा नियम करावा लागला की, बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे पात्रात नाणी टाकू नयेत. कारण पाळकास जे फुकट मिळाले ते तो विकतो असे दिसू नये. इंग्लंडातही बाप्तिस्म्याबद्दल अथवा त्याच्या नोंदीबद्दल पैसे मागण्याची मनाई करण्यास 1872 साली कायदा करावा लागला. इतकी वर्षे गेली तरी ही खोड सुटली नव्हती!

याहून मोठी हानि दुसरीच आहे. शेजारच्या घरी बाप्तिस्मा झाला तेव्हा अमुक रुपये दिले व गावजेवण घातले. आपल्याजवळ तेवढे नाही. म्हणून सुगी होऊ द्या, ऊसतोडीची उचल मिळू द्या, असे म्हणत म्हणत मूल चालू लागते तरी बाप्तिस्मा राहिलेलाच. इ. स. 381 मध्ये कॉन्स्टंटिनोपल येथे नाझियांझच्या ग्रेगरीने बाप्तिस्म्यावर जे प्रवचन केले, त्यात अशाच सबबी सांगणाऱ्यांची त्याने कानउघाडणी केली आहे. अर्पण कोठे आहे, नवे वस्त्र कोठे आहे, बाप्तिस्मा देणाऱ्यांच्या पाहुणचाराची सोय कोठे आहे, असे म्हणून ते लोक दिवस ढकलीत. आपल्या गावचेच बोलणे नव्हे काय?

मग काहीच देऊ नये की काय? तसे नाही. लेकरू सुखरूप जन्मले, आई बाळंतपणातून वाचली, याबद्दल देवाचे आभार रिकाम्या हातांनी मानण्यास कोणालाही संकोच वाटेल. किती द्यावे याचा दाखला नियमशास्त्रातच आहे. बाळंतिणीच्या शुद्धीकरणासाठी एक वर्षाचे कोकरू व एक पाखरू अर्पावयाचे होते. ज्या घरी कोकराची ऐपत नसे, त्यांनी होल्यांची किंवा पारव्यांची जोडी आणावी. मरीया व योसेफ यांच्या अर्पणाविषयी लिहिताना लूक पाखरांचाच उल्लेख करितो, कोकराचे नावही काढीत नाही. प्रभूच्या आईचे अर्पण गरिबाचे अर्पण होते. पौलही करिंथकरांस हेच शिकवितो, की ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून त्याचे दान मोजले जाते, जे नाही त्यावरून नाही.

आमचे मत असे की, नवराबायकोने पाहुण्यांची यादी करण्यापूर्वीच एकत्र बसून प्रार्थनापूर्वक रक्कम ठरवावी व ती वेगळी काढून ठेवावी. मोलमजुरी करणाऱ्यांनी दोघांची एका दिवसाची मजुरी दिली तर ते अर्पण सुरेख होईल. नोकरदाराने एका दिवसाच्या पगाराहून कमी देताना थोडा विचार करावा. शेतकऱ्याने पायलीभर ज्वारी किंवा कोंबडी आणली तरी ती रोख पैशाइतकीच मान्य आहे. एक कसोटी सांगतो, ती थोडी बोचेल : ज्या घरी मटणाच्या जेवणावर व मांडवावर 20,000 रुपये खर्चिले जातात आणि अर्पणाच्या ताटात 50 रुपयांची नोट पडते, तेथे उपकार कोणाचे मानले जात आहेत? उलटपक्षी, अर्पणासाठी कर्ज काढणे हेही चुकीचे. बचत गटातून उचललेली रक्कम अखेर त्याच लेकराच्या दुधातून फिटते.

उपदेशकांस दोन शब्द. कोणी कितीही आग्रह केला तरी आकडा सांगू नका. वरील भाग त्यांच्याबरोबर वाचा व त्यांस ठरवू द्या. पैसा आपल्या हाती घेऊ नका. तो खजिनदाराकडे जावा व त्याची पावती मिळावी. पाळकास कोणी प्रेमाने धोतर, लुगडे अथवा पाकीट देऊ इच्छील तर ते निराळे द्यावे, मंडळीच्या अर्पणात मिसळू नये. दाखल्याच्या नकलेसाठी कागदाचा खर्च घेण्याची वहिवाट असेल, तर तो बाप्तिस्म्याच्या दिवशी मागू नये, नाही तर भोळ्या माणसास तीच फी वाटते. देणाऱ्यांची नावे व रकमा उपासनेत वाचून दाखविण्याची चाल जेथे आहे, तेथे पंचांनी ती बंद करावी. कारण पुढच्या रविवारी ज्या बाईचे लेकरू पुढे आणावयाचे असते, ती मागच्या चटईवर बसून ते आकडे ऐकत असते.