सगळं माझ्याच डोक्यात का?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. घरी दोन मुलं आणि सासूबाई. गॅस, फी, औषधं, सगळं मलाच लक्षात ठेवावं लागतं. मोबाइलमधली अ‍ॅप्स टिकत नाहीत. काय करू?

उत्तर : अ‍ॅप टिकत नाही, कारण ते एकट्या तुमच्याच हातात असतं. घराचं नियोजन सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर हवं. कॅलेंडरच्या चौकटीत दुधाचे खाडे मांडायची आपली जुनी सवयच वाढवा. सिलिंडर लावल्याची तारीख लिहा, म्हणजे पुढचा कधी लागेल याचा अंदाज येतो. गोळ्या संपायच्या चार दिवस आधीच्या तारखेवर खूण करा, संपण्याच्या तारखेवर नको. शेजारी दोरीला पेन बांधा. पेन शोधावं लागलं की कुणी लिहीत नाही.

वाणसामानाची वही स्वयंपाकघरातच ठेवा. डब्याचा तळ ज्याला दिसेल त्यानंच नोंद करायची, मुलांनीसुद्धा.

मुख्य गोष्ट मात्र वेगळी आहे. यजमानांना ‘मदत’ मागू नका. फी आणि औषधं पूर्ण त्यांच्याकडे द्या, आठवण ठेवण्यासकट. सुरुवातीला एखादी तारीख चुकेल; तरी ते काम परत स्वतःकडे घेऊ नका.