उपघटक ४.३ : इंग्रजी शब्दानंतरच्या प्रिपोझिशनची निवड

४.३.१ प्रास्ताविक

संबंध दाखवणारा घटक मराठीत नामानंतर येतो (घरात, टेबलावर), तर इंग्रजीत तो नामाआधी येतो. त्यास प्रिपोझिशन म्हणतात. स्थानाचा हा भेद लवकर अंगवळणी पडतो. अडचण येते ती निवडीची. कोणत्या शब्दानंतर कोणते प्रिपोझिशन वापरावे, हे बहुधा तो शब्दच ठरवतो.

हे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. ‘आई माझ्याशी बोलली’ आणि ‘आई मला बोलली’ ही वाक्ये पाहा. पहिल्यात संवाद आहे, दुसऱ्यात रागावणे आहे. क्रियापद तेच असूनही प्रत्ययाने अर्थ पालटला. इंग्रजीत ‘शाउट टू’ म्हणजे दूरच्या व्यक्तीला ऐकू जावे म्हणून मोठ्याने हाक देणे, तर ‘शाउट ॲट’ म्हणजे तिच्यावर ओरडणे. म्हणून प्रिपोझिशनची चूक प्रत्येक वेळी किरकोळ नसते.

४.३.२ मराठीची छाया

मराठी भाषकाच्या पुष्कळ चुकांमागे मराठीची व्यवस्था असते. ‘-शी लग्न’ यावरून ‘मॅरीड विथ’ सुचते. रूढ प्रयोग ‘मॅरीड टू’ आहे. ‘-वर रागावणे’ यावरून ‘अँग्री ऑन’ येते. हवे ‘अँग्री विथ’. ‘-पेक्षा ज्येष्ठ’ यावरून ‘सीनियर दॅन’ लिहिले जाते. परंतु सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ही मुळात लॅटिन तुलनादर्शक रूपे असून त्यांच्यानंतर ‘टू’ येते. याउलट ‘-वर अवलंबून असणे’ आणि ‘डिपेंड ऑन’ यांचा मेळ बसतो. सारांश, मराठीचा आधार घ्यावा, पण पडताळून घ्यावा.

४.३.३ शब्दाची जात

एकाच शब्दाची जात बदलली की प्रिपोझिशनची गरजही बदलते. ‘डिस्कस’ हे क्रियापद थेट कर्म घेते. ‘-विषयी चर्चा करणे’ या मराठी रचनेमुळे त्यापुढे ‘अबाउट’ जोडले जाते, ते अनावश्यक आहे. मात्र ‘डिस्कशन’ या नामानंतर ‘अबाउट’ चालते. ‘रिक्वेस्ट’ क्रियापद असताना ‘रिक्वेस्ट लीव्ह’ आणि नाम असताना ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ अशी रचना होते. रजेचा अर्ज लिहिताना हा भेद ध्यानात ठेवावा.

४.३.४ अभ्यासाची पद्धत

नवा शब्द एकटा पाठ करू नये. त्याच्या प्रिपोझिशनसह छोट्या वाक्यात नोंदवावा. त्यासाठी विद्यार्थ्यांकरिता रचलेला कोश वापरावा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह असा कोश सिद्ध केला. तो १९४२ मध्ये तोक्योत आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डतर्फे प्रसिद्ध झाला. शब्दाच्या अर्थाबरोबर त्याची वाक्यरचना देणे हे या कोशपरंपरेचे वैशिष्ट्य आहे.

कोशातही क्वचित पर्याय आढळतात. ‘डिफरंट’नंतर ‘फ्रॉम’ सर्वत्र मान्य आहे. ब्रिटिश वापरात ‘टू’ व अमेरिकन वापरात ‘दॅन’ही येते. येथे प्रमाण ठरते ते रूढीने.

स्वाध्याय

१. ‘बोलणे’प्रमाणे प्रत्यय बदलताच अर्थ बदलणारी दोन मराठी क्रियापदे वाक्यांसह लिहा.
२. ‘खोलीत शिरणे’ यासाठी ‘एंटर द रूम’ आणि ‘करार करणे’ यासाठी ‘एंटर इनटू ॲन ॲग्रीमेंट’ असे म्हणतात. या दोन रचनांतील अर्थभेद स्पष्ट करा.