काम कुठे गेलं, जोखीम कोणाकडे आली

बयो, उदारीकरण, खाजगीकरण, जागतिकीकरण हे तिन्ही शब्द तू ‘खाउजा’ म्हणून पाठ केलेस. व्याख्या घडाघडा म्हणतेस, पण उदाहरण लिहायची वेळ आली की तुझं पेन अडतं. वाणिज्याच्या पुस्तकात या संज्ञा एकीखाली एक येतात, त्यांचा माणसाच्या पोटापाण्याशी संबंध कुठे येतो ते मात्र आपल्यालाच शोधावं लागतं. म्हणून कुठलीही संज्ञा समोर आली की दोन प्रश्न विचारत जा. काम कुठून कुठे गेलं? आणि जोखीम कोणाच्या अंगावर आली?

१९९१ची गोष्ट तुला माहीत आहेच. परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि रिझर्व्ह बँकेला सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. नरसिंह राव सरकारचं नवं औद्योगिक धोरण २४ जुलैला आलं आणि त्याच दिवशी मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला. अठरा उद्योग सोडून बाकीच्यांची परवान्याची सक्ती गेली. हे उदारीकरण. यात सरकार आपणच घातलेली बंधनं सैल करतं, मालकी कोणाची बदलत नाही.

मालकी बदलते ती खाजगीकरणात. तिथेही निर्गुंतवणुकीशी गल्लत करू नकोस. २०२२च्या मे महिन्यात सरकारने एलआयसीचे साडेतीन टक्के शेअर बाजारात विकले. ती निर्गुंतवणूक झाली, एलआयसी सरकारीच राहिली. त्याच वर्षी जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे गेली, ते खाजगीकरण. ही जोडी उत्तरात लिहिलीस तर फरक वेगळा समजावावा लागणार नाही.

आता परकीय पैसा. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जमीन, शेड, यंत्रं, भरती, आजूबाजूला सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने, असा गुंतलेला पैसा मनात आलं म्हणून उचलून नेता येत नाही. ही थेट परकीय गुंतवणूक. परदेशी फंड मुंबईच्या बाजारात नुसते शेअर घेतो तेव्हा तो पटकन विकून बाहेरही पडू शकतो. ‘परकीय गुंतवणूकदारांनी पैसे काढले’ अशी बातमी वाचलीस तर ती बहुतेक वेळा या दुसऱ्यांची असते.

आउटसोर्सिंगबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे सगळेच घसरतात. आपलं काम दुसऱ्या कंपनीकडे सोपवणं म्हणजे आउटसोर्सिंग. ती कंपनी शेजारच्या गल्लीतली असली तरी ते आउटसोर्सिंगच. काम देशाबाहेर नेणं म्हणजे ऑफशोअरिंग. परदेशी बँकेने पुण्यात खराडीला स्वतःचं ऑफिस थाटून स्वतःची माणसं नेमली, तर काम देशाबाहेर गेलं, पण दुसऱ्या कंपनीकडे गेलं नाही. बीपीओमध्ये ठरलेल्या पद्धतीची कामं येतात, ग्राहकांचे फोन घेणं किंवा बिलांच्या नोंदी करणं. केपीओमध्ये अभ्यास आणि निर्णयशक्ती लागते, बाजाराचं संशोधन किंवा पेटंटची छाननी. तुला पुढे कुठे जायचंय ते ठरवताना हा फरक परीक्षेपेक्षाही जास्त उपयोगी पडेल. ठरलेल्या पद्धतीचं काम यंत्राच्या हातात आधी जातं. म्हणून टॅलीच्या क्लासवर थांबू नकोस गं, पुढचं शिकत राहा.

जोखमीचं म्हणशील तर नाशिकची द्राक्षं बघ. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या मालात क्लोरमेक्वाट नावाच्या वाढनियंत्रकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि माल अडकला. आयात शुल्क वाढलं नव्हतं, आडवा आला तो अवशेषांचा नियम. याला बिगर-शुल्क अडथळा म्हणतात. निर्यातीची बाजारपेठ जगभर पसरली, तरी तपासणीत नापास झालेल्या मालाचं कर्ज बागाईतदाराच्याच डोक्यावर राहतं. मला जागतिकीकरण वाईट वाटत नाही. त्याने आपल्या कितीतरी घरांत पहिला पगार आणलाय. पण जोखीम खाली ढकलत नेण्याची त्याची सवय मला खुपते.

ती सवय सगळ्यात स्पष्ट दिसते कंत्राटी नोकरीत. एमआयडीसीत शिफ्ट सुटताना गेटवर उभी राहून बघ. शर्टावर बड्या कंपनीचं नाव असतं, गळ्यातल्या ओळखपत्रावर मात्र खाली बारीक अक्षरात ठेकेदाराच्या फर्मचं. पगार देणारा तोच, कंत्राट संपलं की उद्यापासून येऊ नका सांगणाराही तोच. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य कंपनीने द्यायची, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच ठरवलं, तरी कित्येकांना ते ठाऊक नसतं. डिलिव्हरीच्या कामात तर गाडी, पेट्रोल, मोबाइल सगळं मुलाचंच. या कामाला कायद्यात नाव मिळालं तेच मुळी २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत, गिग कामगार म्हणून.

तेव्हा पहिली नोकरी लागेल तेव्हा हरखून सही करू नकोस. नेमणूकपत्रावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते आधी वाच. ‘सीटीसी’ हा कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. पगारपत्रकात भविष्य निर्वाह निधीची कपात दिसली की तुझा बारा आकडी यूएएन मागून घे आणि पासबुक उघडून बघ, तुझ्या कपातीसोबत मालकाचा वाटाही जमा झाला पाहिजे. कपात झालीय पण जमा नाही असं दिसलं तर आधी एचआरला लेखी विचार. उत्तर आलं नाही तर निधी कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, त्यासाठी वकील लागत नाही. पगारपत्रकं मात्र पहिल्या महिन्यापासून जपून ठेव.