भाताचा कोंडा व त्यातील आरोग्यदायी सत्त्वे

चाकण हे गाव कांद्याची पेठ व अलीकडे कारखान्यांची वसाहत म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या खेड व मावळच्या पावसाळी पट्ट्यात खरिपाचे मुख्य पीक भात हेच होय. वडगाव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेली ‘इंद्रायणी’ ही जात तेथे चांगलीच रुजली आहे. तिच्या पांढऱ्या, सुवासिक तांदळाला मान मिळतो. कोंडा मात्र गुरांपुढे जातो.

कोंड्यातील घटक

१०० किलो भात भरडल्यास सुमारे २० किलो तूस व ६ ते ८ किलो कोंडा निघतो. तूस म्हणजे बाहेरील टरफल. कोंडा म्हणजे दाण्यावरील तांबूस पापुद्रा व अंकुर. कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असते. १९५४ साली जपानी संशोधकांनी या तेलातून ‘ओरायझॅनॉल’ हे द्रव्य वेगळे केले. ते आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण कमी करण्यास साहाय्य करते. तेलातील ‘ई’ जीवनसत्त्वाच्या वर्गातील द्रव्ये ऑक्सिडीकरणास आळा घालतात. आहारातील इतर स्निग्धांऐवजी कोंड्याचे तेल वापरले असता रक्तातील कोलेस्टेरॉल काही प्रमाणात घटते, असे माणसांवरील चाचण्यांत आढळून आले आहे.

कोंडा खवट का होतो?

दाणा अखंड असतो तोवर तेल व ‘लायपेज’ हे विकर परस्परांपासून अलग असतात. भरडताना ती एकत्र येतात, तेलाचे विघटन सुरू होते व काही तासांतच कोंडा बिघडू लागतो. म्हणून गिरणीतून निघताच त्याला वाफेची किंवा यंत्रातील दाबाची उष्णता देऊन विकर निष्क्रिय करावे लागते. या क्रियेस स्थिरीकरण म्हणतात. कोकणातील उकड्या भातास ही उष्णता भरडण्यापूर्वीच मिळालेली असते. त्यामुळे त्याचा कोंडा अधिक टिकतो.

जुन्या हलर गिरणीत तूस व कोंडा एकत्रच बाहेर पडतात. असा कोंडा माणसांच्या आहारास अथवा तेल काढण्यास योग्य नसतो. रबरी रोलरच्या गिरणीत तूस आधी वेगळे होते व कोंडा स्वच्छ मिळतो.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

सहकारी तत्त्वावर गिरणी उभारताना तूस वेगळे करणारे यंत्र निवडावे व कोंड्याची त्याच दिवशी स्थिरीकरणाकडे रवानगी होईल अशी व्यवस्था करावी. केवळ अर्क काढण्याचे यंत्र घेऊन भागत नाही. खवट कोंड्यापासून उत्तम तेल निघत नाही. घरासाठी भात कमी पॉलिश करून घ्यावे. तांदूळ थोडा तांबूस दिसेल, शिजण्यास वेळ लागेल व फार दिवस टिकणार नाही. म्हणून लागेल तेवढेच भात भरडावे.

कोंड्याचे तेल किंवा अर्क हे आहाराचे अंग आहे, औषध नव्हे. ज्यांना वैद्यांनी कोलेस्टेरॉलवर औषध दिले असेल, त्यांनी ते स्वतःहून बंद करू नये.