एका रुपयाला जोड रुपया : शेतकऱ्याला भाव आणि गरिबाला भाजी

चांदवडच्या आठवडे बाजारात कापडाचे गाठोडे उघडून बसण्यात आमची बरीच वर्षे गेली. कापडवाल्याला गिऱ्हाइकाच्या पिशवीत डोकावायची सवय असते. खिशात किती उरले आहे याचा अंदाज पिशवीवरून येतो. मोलमजुरी करणाऱ्या घरची बाई दिवस मावळताना बाजारात येते, कारण त्या वेळी वाटे स्वस्त होतात. तिच्या पिशवीत बटाटे, कांदे, मिरची असते. पालेभाजीची एखादी जुडी असली तर असली. फळ क्वचितच. त्याच वेळी शेजारी बसलेला शेतकरी उरलेला माल परत न्यायला परवडत नाही म्हणून येईल त्या भावात फुंकून टाकतो. माल आहे, भूकही आहे, मधला पैसा तेवढा नाही. या लेखात आम्ही त्या मधल्या पैशाचा हिशेब मांडत आहोत.

प्रथम गरज किती ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम भाजी व फळे खावीत. पाच माणसांच्या घराला हे आठवड्याला १४ किलो होते. सरासरी ४० रुपये किलो धरले तरी ५६० रुपये झाले. रेशनवर अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण रेशनच्या पोत्यात भाजी नसते. पीठ, तेल, चहा किराणावाला उधारीवर देतो, बाजारातला भाजीवाला रोख मागतो. म्हणून हात आखडला की पहिली काट भाजीला बसते.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे भाव पाडणे. तो कोणाच्या अंगावर येतो हे चांदवड, लासलगाव, पिंपळगावच्या माणसाला सांगायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उघडली. शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा द्यायचा म्हणून हे झाले, पण त्याची किंमत कांदा पिकवणाऱ्याने मोजली. गिऱ्हाईक जो रुपया देतो त्यातले मुळात शेतकऱ्याच्या हाती पडते किती? रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासानुसार कांद्यात सुमारे ३६ पैसे आणि टोमॅटोत ३३ पैसे.

दुसरा उपाय मधली साखळी तोडण्याचा. पंजाबात १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’, आंध्रात जानेवारी १९९९ मध्ये ‘रयतू बाजार’ आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मदुराईत ‘उळवर संदै’ सुरू झाले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि शेतकरी आठवडे बाजारांना चालना दिली. हे चांगलेच झाले. पण ज्याच्या खिशात पन्नासच रुपये आहेत, तो अशा बाजारातही पन्नासाचीच भाजी घेणार.

तिसरा उपाय अमेरिकेत रुजला आहे आणि व्यापाऱ्याने तो समजून घेण्यासारखा आहे. तेथे गरीब कुटुंबाला अन्नासाठी सरकारी मदत मिळते. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २००५ मध्ये असे ठरवले की, या मदतीतले ५ डॉलर शेतकरी बाजारात खर्च केले तर २ डॉलरचे कूपन वर मिळेल. २००९ मध्ये डेट्रॉइटला एका संस्थेने डॉलरला डॉलर जोडून द्यायला सुरुवात केली. २०१४ च्या शेती कायद्यात अशा योजनांसाठी पाच वर्षांकरिता १० कोटी डॉलर ठेवले गेले आणि २०१८ च्या कायद्याने ती तरतूद कायम केली.

यात भाव कोणी पाडत नाही. शेतकऱ्याला पूर्ण दाम मिळतो, गिऱ्हाइकाच्या पिशवीत दुप्पट माल पडतो आणि पैसा गावातच फिरतो. शिवाय ती खैरात नाही. बाई आधी आपला रुपया टाकते, मग दुसरा मिळतो. काय घ्यायचे ते तीच ठरवते.

आता चांदवडपुरता हिशेब करू. ५० कुटुंबे, प्रत्येकाला आठवड्याला ५० रुपयांची जोड : आठवड्याला २,५०० आणि वर्षाला १,३०,००० रुपये. २५ दुकानदारांनी हा भार उचलला तर प्रत्येकी आठवड्याला १०० रुपये, म्हणजे दिवसाला पंधरा रुपयेही नाहीत. एवढे तर चहापाण्यात जातात.

मात्र हिशेब कच्चा राहिला तर चांगले कामही बुडते. म्हणून काही नियम हवेत :

१) कूपनावर क्रमांक, तारीख व शिक्का असावा. ते फक्त ताज्या भाजी-फळांवर चालावे, त्याची रोख मोड मिळू नये.

२) कूपन स्वीकारणारा स्वतः पिकवणारा असावा, सातबारा पाहून नोंद करावी.

३) सकाळीच भावाचा फलक लागावा. कूपनवाल्याला एक भाव आणि रोखवाल्याला दुसरा, असे घडता कामा नये.

४) शेतकऱ्याला कूपनाचे पैसे बाजार उठण्याआधी रोख मिळावेत. कापडाच्या धंद्यात रिबेटवर माल विकून रिबेटच्या रकमेसाठी महिनोन्‌महिने खेटे घालणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत. शेतकऱ्यावर ती पाळी आली तर पुढच्या आठवड्यात तो कूपन हातात घेणार नाही.

५) गरिबाची लाज राखावी. अमेरिकेतल्या अनेक बाजारांत कार्डावर पैसे देणाऱ्या इतर गिऱ्हाइकांनाही लाकडी टोकन घ्यावे लागते, त्यामुळे कोण मदतीवर आहे ते चारचौघांत उघडे पडत नाही. आपणही कूपन सर्वांना विकावे. जोड तेवढी रेशनकार्ड पाहून टेबलावर गुपचूप द्यावी.

हाच हिशेब आग्रा रोडने चाळीसेक किलोमीटरवरच्या मालेगावलाही लागू पडतो. तेथे यंत्रमागावर राबणारी हजारो कुटुंबे आहेत आणि चांदवड तालुक्यातल्या भाजीला गिऱ्हाईक हवे आहे.

याच चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते आणि घामाचे दाम मागायला बायका प्रचंड संख्येने आल्या होत्या. पिकवणारी बाई आणि विकत घेणारी बाई, दोघींचे भले एकाच रुपयात साधत असेल, तर तो रुपया काढण्यात आम्हा दुकानदारांचा तोटा नाही. ज्या घरची पिशवी भरते, ते घर उद्या कापडही घेते. व्यापारी बंधूंनी एका बाजारापासून, दहा घरांपासून का होईना, सुरुवात करून पाहावी आणि तीन महिन्यांनी वही उघडून जमाखर्च स्वतःच तपासावा.